तिळाएवढा दोष

गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशीं सकाळीं आमचे थोरले बंधु अण्णा नेहमींप्रमाणें स्नानसंध्या आटोपून आपल्या लॅपटॉपपुढें बसले, आणि पाहतात तों यंत्र निपचित! कळ दाबून पाहिली, तार काढून पुन्हां लाविली, दुसऱ्या भिंतीवरील खटक्यास जोडून पाहिली. पण पडद्यावर प्रकाशाची रेघ उमटेना कीं आंतील पंख्याची कुरकुर ऐकूं येईना. अण्णांचें वय एक्याऐंशी. त्यांनीं हाक मारली ती मला. मीं चौतीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें असल्यामुळें घरांत विजेवर चालणारें कांहींही बिघडलें कीं त्याचें उत्तर मींच द्यावें, असा आमच्याकडे संकेत आहे.

इतर कोणाचें यंत्र असतें तर एवढा गहजब झाला नसता. परंतु अण्णा गेलीं अकरा वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहीत आहेत. कुलवृत्तान्त म्हणजे काय हें ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळांच्या घरीं तसा एखादा जाडजूड ग्रंथ कपाटांत असेलच. जुन्या वृत्तान्तांतून बहुधा पुरुषांच्या आठ-नऊ पिढ्या नांवनिशीवार सांपडतात आणि बायकांच्या वांट्याला ‘कन्या दोन’ एवढीच नोंद येते. अण्णांनीं हें बदलावयाचें मनावर घेतलें होतें. प्रत्येक सुनेचें माहेरचें नांव व गांव, प्रत्येक कन्या कोणत्या घरीं दिली, कोण बाळंतपणांत गेली, कोणी वैधव्यानंतर शिकून आपल्या पायांवर उभी राहिली, हें सारें ते टिपून ठेवीत. ह्यांतील निम्मीअधिक माहिती आमच्या धाकट्या आत्यांच्या तोंडून उतरून घेतलेली. आत्या चौऱ्याण्णव वर्षांच्या, पण बुद्धि शेवटपर्यंत लखलखीत. त्या गेल्या माघांत निवर्तल्या. म्हणजे त्यांनीं सांगितलेलें आतां जगांत एकाच ठिकाणीं होतें, आणि तें ठिकाण मेजावर गार पडलें होतें.

“दुसरी प्रत?” मीं विचारलें.

अण्णा गप्प राहिले. त्यांच्या नातवानें एक प्रत पेनड्राइव्हवर काढून दिली होती, ती दिवाळीच्या आधींची. आत्यांकडे अण्णांचें बसणें सुरू झालें तें दिवाळीनंतर.

नातू व मी यंत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती-केंद्रांत गेलों. तेथील तरुणानें तें दहा मिनिटें आंत नेलें व परत येऊन सांगितलें, कीं मदरबोर्ड, म्हणजे यंत्राची मूळ पट्टी गेली आहे. ती सबंध बदलावी लागेल. खर्च ३८,००० रुपये. आणि आंतील माहिती मिळणार नाहीं. ह्या शेवटच्या वाक्यानें आमच्या पायांखालची जमीन सरकली. पुष्कळ लॅपटॉपांत स्मृतिकोश निराळा असतो व चार पेच काढले कीं हातांत येतो. यंत्र मेलें तरी तो दुसऱ्या यंत्रास लावून वाचतां येतो. परंतु अलीकडच्या कांहीं सडपातळ यंत्रांत तो पट्टीवरच डाखलेला असतो. अण्णांचें यंत्र नेमकें त्या जातीचें. पट्टी टाकून देणें म्हणजे आत्यांना दुसऱ्यांदा पोंचविणें होतें.

घरीं आल्यावर हें ऐकून वहिनी म्हणाल्या, “दाढ दुखते म्हणून डोकेंच बदला असें सांगण्यापैकीं झालें हें!” वहिनींना विजेचें ज्ञान शून्य, पण पुढें जें मीं पाहिलें त्यावरून त्यांचें निदान बिनचूक होतें असेंच म्हणावें लागेल.

नातवाच्या एका मित्रानें बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीकडे एका कारागिराचें नांव सुचविलें. तिसऱ्या दिवशीं आम्ही तेथें गेलों. अरुंद जिना, वर एक दहा फुटांची खोली, खिडकीपाशीं मेज. मेजावर सूक्ष्मदर्शक, डाखणीचीं हत्यारें, आणि भिंतीलगत डब्यांतून मेलेल्या पट्ट्यांची चळत. कारागीर तिशीचा, मूळचा परभणीकडचा. त्यानें आमची कथा शांतपणें ऐकली व एकच प्रश्न विचारला: “काका, तिकडे कोणी वीज सोडून बघितली नाहीं ना?” नाहीं म्हणतांच त्याच्या कपाळावरची आंठी गेली. तो प्रश्न त्यानें कां विचारला हें मला अर्ध्या तासानें कळलें.

यंत्र उघडून त्यानें आधीं आंतील बॅटरीची जोडणी सोडविली, मग पट्टी बाहेर काढली. तळहाताहून थोडी मोठी, वहीच्या पुठ्ठ्याइतकी पातळ. पण तिच्या पोटांत तांब्याच्या रस्त्यांचे आठ-दहा थर एकावर एक दाबून बसविलेले असतात. वरून दिसतात ते रस्ते थोडे. बहुतेक वाहतूक तळघरांतून चालते. वर शेंकडों लहानमोठे दाणे डाखलेले. त्यांतले बहुसंख्य पिंगट, चौकोनी, कांहीं तिळाएवढे, कांहीं खसखशीहूनही बारीक. हे कपॅसिटर. शाळेंत आम्ही ह्यांनाच धारित्र म्हणत असूं व कांचेच्या बरणीला आंतून-बाहेरून वर्ख लावून त्याचा नमुना दाखवीत असूं. दोन बाजूंस धातु, मध्यें वीज अडविणारें द्रव्य, एवढेंच त्याचें मर्म. ह्या तिळांत मात्र निकलचे आणि बेरियम टायटनेट नांवाच्या एका भाजलेल्या द्रव्याचे थर एकाआड एक असे शेंकडोंनीं रचलेले असतात. चिरोट्याचे पदर असावेत तसे, फक्त एकेक पदर केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही पातळ. यंत्राला क्षणोक्षणीं कमीअधिक विजेची भूक लागते. ती लांबून येईपर्यंत दम निघत नाहीं, म्हणून प्रत्येक दाराशीं भरून ठेवलेली ही घागर. एक टोंक विजेच्या वाटेस, दुसरें जमिनीस, अशी प्रत्येकाची जोडणी.

जमीन हा शब्द मीं मुद्दाम वापरला. विजेचा प्रवाह काम करून जेथें परत जातो त्या तांब्याच्या समाईक थरास हे लोक ‘ग्राउंड’ म्हणतात. आतां पुण्याच्या वाचकांनीं आपले जुने हौद आठवावेत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजचें पाणी भुयारी नळानें शहरांत आणून हौदाहौदांत खेळविलें होतें. समजा, त्या नळाला वाटेंत कोठें भगदाड पडलें. सारें पाणी तेथेंच मातींत जिरेल. पुढल्या हौदांत थेंब चढणार नाहीं, आणि मागच्या हौदांतही पाण्याला जोर राहणार नाहीं. कोरड्या हौदांकडे पाहून भगदाड कोठें आहे हें मात्र सांगतां येणार नाहीं. पट्टीवर असेंच होतें. एखाद्या तिळाचे पदर आंतल्या आंत एकमेकांस चिकटले, कीं विजेच्या वाटेपासून जमिनीपर्यंत आडवाट तयार होते. तिलाच शॉर्ट म्हणावयाचें. जी घागर दारीं भरून ठेवावयाची, तिचेंच बूड गळतें. आणि त्या वाटेवर तशा तीस-चाळीस घागरी एकाच रांगेंत उभ्या असल्यानें मोजमापाला त्या सगळ्या सारख्याच दोषी दिसतात.

त्यानें मल्टिमीटर घेतला. पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याचीं दोन टोकें एकमेकांस टेकवून पाहिलीं. कांटा, म्हणजे आतांच्या मीटरांतील आंकडा, ०.२ ओम दाखवूं लागला. हा नुसत्या तारांचा रोध. मग एक टोंक १९ व्होल्टच्या मुख्य वाटेवर व दुसरें जमिनीवर. पुन्हां ०.२. म्हणजे तारा वजा जातां बाकी कांहीं उरतच नाहीं. ह्या मीटरास मोजतां येऊं नये इतकी रुंद आडवाट कोठें तरी उघडली होती.

पट्टीवर कांहीं ठिकाणीं वेटोळ्यांच्या चौकोनी डब्या असतात. १९ व्होल्टची वीज दर ठिकाणीं कापून लहान करावयाची, ती ह्या वेटोळ्यांतून पलीकडे जाते: कोठें ५ व्होल्ट, कोठें ३.३, आणि प्रोसेसरला जेमतेम १ व्होल्टच्या आसपास. कारागिरानें प्रत्येक वेटोळ्यावर मीटर टेकविला. प्रोसेसरच्या वेटोळ्यावर आंकडा आला ३ ओम.

“हाही शॉर्टच!” नातू ओरडला. त्याचा चेहरा पडला. माझाही पडला, कारण ३ ओम म्हणजे शाळेच्या हिशेबानें जवळजवळ कांहींच नव्हे.

कारागीर हंसला. “नाहीं दादा. तो प्रोसेसर आहे. त्याची लाइन अशीच असते. तीन दिसले हें बरंच झालं.”

ह्या ‘बरंच झालं’ मध्यें सारें तर्कशास्त्र आहे. प्रोसेसरच्या पोटांत अब्जावधि सूक्ष्म खटके असतात व तो लहानशा दाबावर दहावीस अ‍ॅम्पियर सहज पितो. तेव्हां त्याचा रोध निरोगी असतांही दोन-चार ओम, कित्येकदां त्याहूनही कमी असतो. नवशिका येथेंच फसतो, प्रोसेसर मेला म्हणून यंत्र परत करतो. दुसरें असें, कीं १९ व्होल्टची वाट व प्रोसेसर ह्यांच्या मध्यें मॉस्फेट नांवाचा एक दरवान उभा असतो. तो क्षणांत लाखों वेळां दार उघडझांप करून थोडी थोडी वीजच आंत सोडतो. हा दरवानच जळून दार उघडें राहिलें, तर सबंध १९ व्होल्ट एक व्होल्टच्या अंगावर कोसळतात आणि प्रोसेसर राख होतो. आमच्या यंत्रांत तसें झालें असतें तर मुख्य वाट व प्रोसेसरची वाट एकच झाली असती, आणि मुख्य वाटेवर शून्य तर येथेंही शून्यच दिसलें असतें. येथें तीन दिसले. अर्थात् दरवान शाबूत होता. ज्या आंकड्यानें आम्ही हबकलों तोच शुभवार्ता घेऊन आला होता. ओहमचा नियम १८२७ सालचा. मीं तो चौतीस वर्षें फळ्यावर लिहिला. पण एखाद्या आंकड्याकडे पाहून ‘हा रोगी जगेल’ असें कधीं म्हणूं शकलों नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें.

दोष मुख्य वाटेवर आहे एवढें ठरलें. तो कोणत्या तिळांत, हा खरा प्रश्न. ह्यावर ह्या धंद्यांत एक युक्ति आहे: बाहेरून थोडी वीज त्या वाटेंत सोडावयाची. ती सारी आडवाटेनेंच जाणार, आणि जेथून जाईल तें ठिकाण तापणार. मग जो दाणा ऊन लागेल तो अपराधी. दाब मात्र किती द्यावयाचा? वाट १९ व्होल्टची, म्हणून १९ द्यावेत असें वाटणें साहजिक आहे, आणि तसें करणारे लोकही आहेत. ‘सोडा वीज, धूर निघेल तो खराब’ ही त्यांची रीत. कधीं कधीं ती फळतेही. पण आडवाट जर बिघडलेल्या दरवानांतून प्रोसेसरकडे जात असेल, तर धूर निघतो तो प्रोसेसरचा. आमच्या कारागिरानें दारांत पाऊल टाकतांच विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ आतां मला लागला. त्यानें स्वतः दाब ठेविला १ व्होल्ट, आणि प्रवाहाला ३ अ‍ॅम्पियरचा बांध घातला. एका व्होल्टनें पट्टीवरील कोणाचेंच वांकडें होत नाहीं.

येथें मला अटलांटिकच्या तारेची आठवण झाली. १८५८ सालच्या ऑगस्टांत आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राच्या तळाशीं पहिली तार पोंचली. महाराणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जावयास सुमारें सोळा तास लागले. तार मंद चालते, खुणा अस्पष्ट येतात, तेव्हां जोर वाढवावा असें कंपनीच्या व्हाइटहाउस नांवाच्या विद्युत्प्रमुखास वाटलें. हा मूळचा वैद्य. त्यानें मोठालीं वेटोळीं लावून सुमारें २,००० व्होल्टचा दाब दिला. तारेचें वेष्टन आधींच कांहीं ठिकाणीं दुबळें होतें. तें फाटलें, आणि तीन-चार आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. विल्यम थॉम्सन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, ते नेमकें उलट सांगत होते: दाब थोडा द्या आणि पाहणारें उपकरण नाजूक करा. त्यांचा आरशाचा गॅल्व्हनॉमीटर त्यासाठींच होता. १८७० सालीं आपली मुंबई सुएझ व एडनच्या वाटेनें समुद्रांतील तारेनें विलायतेशीं जोडली गेली, तोंवर हा धडा सर्वांच्या अंगवळणीं पडला होता. किनाऱ्यावर बसून रोध मोजावयाचा आणि समुद्रांत किती मैलांवर तार दुखावली आहे हें सांगावयाचें, ही विद्या तेव्हांपासूनची. कारागिराला मीं ही हकीकत सांगितली. त्यानें ती लक्षपूर्वक ऐकली, आणि म्हणाला, “म्हणजे आमचं काम जुनंच आहे म्हणायचं.”

वीज सोडली. त्यानें पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरविला. ऊन दाण्यावरून तें आधीं उडतें व ओल्या पट्टीवर तेवढाच एक कोरडा ठिपका उमटतो, असा त्याचा गुण. आम्ही तिघे डोळे फाडून बसलों. सगळी पट्टी एकाच वेळीं वाळली. त्यानें पुन्हां ओली केली, पुन्हां तेंच. राळ जाळून तिच्या धुराची पांढरी साय पट्टीवर धरावयाची व ती कोठें वितळते हें पाहावयाचें, अशीही एक रीत आहे. ती त्यानें बोलून दाखविली, पण मग पट्टी साफ करण्यांत तास जातो म्हणून सोडून दिली.

नंतर निघाला उष्णता पाहणारा कॅमेरा. विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें १८०० सालीं लोलकानें पाडलेल्या इंद्रधनुष्यांत तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांना अंधार दिसतो तेथें, उष्णतामापक ठेविला आणि पारा चढलेला पाहिला. त्या अदृश्य किरणांचेंच चित्र हा कॅमेरा काढतो. पडद्यावर पट्टी जांभळी दिसत होती. एका कोपऱ्यांत फिकट पिवळसर डाग, पण पसरट, बोटभर रुंद. शिवाय मध्येंच एक लखलखीत ठिपका! नातवानें त्यावर बोट ठेवण्यासाठीं हात पुढें केला, तसा ठिपका हलला. चकचकीत डाखणावर आमच्याच तोंडांची ऊब परावर्तित होत होती.

डाग पसरट कां? कारण सोपें आहे, पण तें तेथेंच बसून मांडावें लागलें. उष्णता उत्पन्न होते ती प्रवाहाच्या वर्गाला रोधानें गुणून. आडवाट फार अरुंद असती तर तिचा रोध मोठा, आणि तीळ चटका बसेल असा तापला असता. आमची आडवाट भलतीच रुंद. रोध ओमच्या हजाराव्या हिश्श्यांत. तीन अ‍ॅम्पियरनें तींत जी ऊब होई ती तांब्याचे थर क्षणांत वाटून घेत. दोष जितका पक्का, तितका तो थंड! रोगी फार गंभीर असतांना अंग गार पडतें तसाच हा प्रकार.

तेव्हां त्यानें कॅमेरा ठेवून दिला व दुसरा मीटर घेतला, व्होल्टचे हजारावे हिस्से दाखविणारा. वीज वाहती ठेवून तो एकेका तिळाच्या दोन टोंकांवर सुया टेकवूं लागला व नातवास आंकडे लिहून घ्यावयास सांगितलें. जेथून वीज आंत सोडली होती तेथें ४२. थोडें पुढें ३३. मग २६, १९, १४. कात्रजच्या नळाचें उदाहरण येथें पुन्हां उपयोगी पडतें: भगदाडाकडे जावें तसा पाण्याचा जोर उतरत जातो, आणि भगदाडापाशीं तो सर्वांत कमी असतो. पेचाच्या भोंकाजवळ चार तीळ एका रांगेंत होते. तेथें आंकडे आले १२, ११, ११, १२. त्यापलीकडे कितीही गेलें तरी १२. प्रवाहच पुढें जात नव्हता, मग जोर उतरेल कशानें?

खोलींत कोणी बोलत नव्हतें. चाळीसांतून चार उरले होते, चारांतून दोन. वाटलें तर दोन्ही काढून टाकतां आले असते. पण ज्याच्यांत दोष नाहीं त्याला उपटावयाचें त्याच्या जिवावर आलें असावें. त्यानें प्रवाहाचा बांध ३ वरून ५ अ‍ॅम्पियरवर उचलला, दाब एका व्होल्टच्या पुढें जाऊं दिला नाहीं, आणि कॅमेरा त्या दोन तिळांच्या अगदीं जवळ आणला. दहा-बारा सेकंद गेले. डावा तीळ जांभळा राहिला. उजव्याच्या एका टोंकाशीं पिवळी टिकली उमटली.

वीज बंद करून गरम हवेच्या झोतानें त्यानें तो दाणा चिमट्यांत उचलला व मीटर मुख्य वाटेवर टेकविला. मघाचे ०.२ गेले. आंकडा चढूं लागला. शेंकडे, हजार, वीस हजार. उरलेल्या घागरी भरत होत्या. मीं खुर्चींत बसलों तेव्हां ध्यानांत आलें, कीं मी पाऊण तास उभाच होतों.

सूक्ष्मदर्शकाखालीं त्या तिळाच्या टोंकाशीं एक तिरपी, केसाहून बारीक भेग दिसली. २ मिलिमीटर लांब, सव्वा मिलिमीटर रुंद. “ही वांकल्याची भेग,” कारागीर म्हणाला. “लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलतात का घरी?” नातवानें माझ्याकडे पाहिलें. अण्णा रोज यंत्र एका हातानें, पुढच्या कोपऱ्याला धरून, बशी उचलावी तसें उचलतात व दुसऱ्या हातांत चष्म्याचें घर असतें. पट्टी थोडी वांकते, पेचाच्या भोंकाजवळ ताण सर्वांत अधिक, आणि हे दाणे तर भाजलेल्या मातीचे. ते वांकत नाहींत, तडकतात. तडकला तरी लगेच मरत नाहीं. भेगेंतून दमट हवा शिरते, पदरांमधून वीज झिरपूं लागते, आणि एके दिवशीं सकाळीं सारें संपतें. म्हणून ‘काल रात्रीं तर चांगला चालत होता’ हें वाक्य ह्या लोकांना रोज ऐकावें लागतें.

भिंतीशीं असलेल्या मेलेल्या पट्ट्यांतून त्यानें तितक्याच मापाचा, १० मायक्रोफॅरड व २५ व्होल्टचा दाणा शोधून बसविला. नुसता काढून टाकला असता तरी यंत्र बहुधा चाललें असतें, कारण शेजारी तसेच आणखी होते. पण ज्यानें बांधलें त्यानें कांहीं हिशेबानेंच बांधलें असेल, असें त्याचें म्हणणें. मग त्यानें १९ व्होल्ट दिले. प्रवाहाचा आंकडा ०.०२ वर क्षणभर थबकला, तेथून ०.४ वर गेला, एकदम १ च्या वर उसळला. पंखा कुरकुरला.

पैसे विचारले तेव्हां म्हणाला, २,२०० रुपये. दाण्याचे वेगळे नाहींत; तो रुपया-दोन रुपयांचा.

अधिकृत केंद्रांतील त्या तरुणावर माझा राग नाहीं. त्याला पट्टी बदलावयास शिकविलें आहे, दाणा शोधावयास नाहीं. आणि बदललेल्या पट्टीची हमी देतां येते, एका दाण्याची देणें अवघड. राग आहे तो एवढाच, कीं ‘आम्ही हें करीत नाहीं, पण दुसरे कोणी करतात’ हें एक वाक्य तेथें कोणी उच्चारलें नाहीं. पट्टीवर कोणती वाट कोठून कोठें जाते ह्याचे नकाशे बनविणाऱ्या कंपन्यांपाशीं असतात. बहुतेक कंपन्या ते बाहेर देत नाहींत, आणि तपकीर गल्लींतील माणसाला ते हस्तेंपरहस्तें मिळवावे लागतात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली व त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यासाठीं एक संकेतस्थळही उघडलें. कामाची दिशा बरोबर आहे. पण नकाशा हातीं येईपर्यंत कारागिराच्या डोळ्यांवरच भिस्त आहे, आणि प्रत्येक कारागीर एका व्होल्टवर थांबणारा नसतो. म्हणून यंत्र कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं, तो आधीं मोजतो कीं आधीं वीज सोडतो, एवढें तरी विचारून घ्यावें. आंतील बॅटरी फुगली असेल, झांकण उचलल्यासारखें वाटत असेल, तर मात्र घरीं कोणीही हात लावूं नये, टांचणीही टोंचूं नये. ती पेट घेते.

घरीं आलों तेव्हां दिवेलागण झाली होती. अण्णांनीं यंत्र उघडलें, कुलवृत्तान्ताचें प्रकरण काढलें आणि आत्यांनीं सांगितलेली शेवटची नोंद मोठ्यानें वाचली. ती आमच्या एका पणजीची होती, माहेर राजापूरकडचें, वयाच्या सोळाव्या वर्षीं निवर्तली. तिचें माहेरचें नांव आमच्यापैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. वहिनी देवापाशीं दिवा लावून तशाच दारांत उभ्या राहून ऐकत होत्या.

तो तडकलेला तीळ कारागिरानें चिकटपट्टीवर लावून दिला होता. अण्णांनीं तो भिंगांतून बराच वेळ पाहिला व रोजनिशीच्या त्या दिवसाच्या पानावर चिकटवून ठेविला. आतां दर शनिवारीं कुलवृत्तान्ताच्या तीन प्रती निघतात: एक नातवाकडे, एक नागपूरला भाचीकडे, आणि एक छापील, वहिनींच्या कपाटांत. यंत्र अण्णा हल्लीं दोन्ही हातांनीं उचलतात. चष्म्याचें घर तोंडांत धरतात, त्याला आमचा इलाज नाहीं.